उसनं वजन

काटोल तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं. त्यांचा भाचा अमेरिकेत, मिनेसोटात असतो. जानेवारीत त्यानं एक व्हिडिओ पाठवला. घरापुढे गुडघाभर बर्फ, आणि भाचा बुटक्याशा ट्रॅक्टरवर बसून तो बर्फ कारंज्यासारखा कुंपणापलीकडे उडवतोय. मामांच्या संत्र्याच्या बागेत जवळपास तेवढाच ट्रॅक्टर उभा असतो. पत्रात दोन प्रश्न होते. 'माझ्या 15 अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरनं तिकडचा बर्फ निघेल काय?' आणि 'निघत असेल, तर तोच ट्रॅक्टर पावसाळ्यात माझ्याच वावरात फसतो कसा?'

पहिला प्रश्न गमतीचा वाटतो, पण दुसऱ्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. आपल्या नागपूरकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा, नाहीतर ऐन फुलावर आलेला आंबिया बहार झोडपून जाणाऱ्या गारांचा. तिकडचा ताजा बर्फ दिसायला कापसासारखा आणि वजनालाही हलका, घनमीटरला साधारण 100 किलो. पण फाटकापासून घरापर्यंतची वाट 20 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद धरली, तर फूटभर बर्फाचे होतात 24 घनमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच टन. तो फावड्यानं उपसायचा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढाच.

आता ट्रॅक्टरचा हिशेब. 15 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 11 किलोवॅट. ताशी 2 किलोमीटर इतक्या मंद चालीनं जायचं, तर हे इंजिन कागदावर दोन टनांची ओढ देऊ शकतं. गिअरमधली गळती वजा केली तरी दीड टन कुठे जात नाही. पण ही ओढ जमिनीपर्यंत पोचवायची कुणी? टायरनं. आणि टायरला किती पकड मिळेल हे इंजिनावर नाही, चाकावरच्या वजनावर आणि खालच्या जमिनीवर ठरतं. पाऊण टनाचा छोटा ट्रॅक्टर, चारही चाकांना ताकद जाते असं धरू. कोरड्या डांबरावर त्याला 600 किलोची ओढ सहज साधेल. दाबून गुळगुळीत झालेल्या बर्फावर वजनाच्या पाव पट पकड मिळाली तरी नशीब, म्हणजे 190 किलो. दीड टनाचं इंजिन, आणि कामाला येणार दोनशे किलोही नाही! बाकी सगळी ताकद चाक जागच्या जागी गरगर फिरवण्यात जाते.

मामांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. श्रावणात भिजलेली काळी माती आणि मिनेसोटातला बर्फ यांत टायरला फारसा फरक वाटत नाही. टायरच्या खाचांत चिखल भरला की तो टायर उरतच नाही, लाटणं होतं. अशा वेळी 15 ऐवजी 50 अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, तर ट्रॅक्टर अधिक जोमानं फसेल, इतकंच. बॉनेटवरचा तो ठळक आकडा पाहून ट्रॅक्टर घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

मग भाच्याचं कसं जमतं? तो बर्फ ओढत नाही, ढकलतही नाही. त्याच्या ब्लोअरला ताकद जाते ती पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची ताकद थेट अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यातून, चाकांना वळसा घालून. चाकांनी फक्त हळूहळू सरकायचं. मामाही बागेत नेमकं हेच करतात. कोळशी रोगावर फवारणी करणारा ब्लोअर पीटीओवर चालतो, आणि रोटाव्हेटरची फिरती पाती तर ट्रॅक्टरला मागून थोडं पुढेच ढकलतात. हा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, सेकंदाला 9. सहा खाचांचा दांडा आणि हा वेग जगभर इतके सारखे झालेत, की भाच्याचा ब्लोअर मामांच्या ट्रॅक्टरला बहुधा मुकाट बसेल. (मागे जोडायचा ब्लोअर असला तर मामांना अख्खी वाट मान वळवून, रिव्हर्समध्ये चालवावी लागेल. मिनेसोटाच्या थंडीत हा व्यायाम मी कुणाला सुचवणार नाही.)

दांड्याचा विषय निघालाच आहे, तर नागपूरकरांसाठी आणखी एक हिशेब. सुमारे 7 सेंटिमीटर जाडीच्या, कव्हर निघालेल्या दांड्यात उन्हासाठी तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्याचं टोक अडकलं, तर तो सेकंदाला 2 मीटर कापड गुंडाळतो. आपला दुपट्टा असतो दोन-सव्वादोन मीटरचा. क्लचवर पाय नेण्याचा विचार मनात येईपर्यंत सगळं झालेलं असतं.

पण नांगरट, वखरणी या कामांत पीटीओ उपयोगाचा नाही. तिथे ओढावंच लागतं, आणि ओढायला चाकावर वजन लागतं. सुरुवातीच्या ट्रॅक्टरवाल्यांनी सरळ उपाय केला, ट्रॅक्टर रेल्वे इंजिनासारखे अवजड केले. हेन्री फोर्डनं 1917 मध्ये हलका, स्वस्त फोर्डसन आणला तेव्हा दुसरंच संकट उभं राहिलं. मागे साखळीनं जोडलेला नांगर दगडात किंवा मुळात अडकला, की चाक थांबे, पण इंजिन थांबत नसे. मग इंजिन सगळ्या धूडालाच मागच्या एक्सलभोवती फिरवी, पुढची चाकं आभाळात आणि चालक खाली. मागे जास्त माल भरलेली बंडी कशी उलाळ होते हे ज्यानं पाहिलंय, त्याला आकृती काढून दाखवायला नको. कितीतरी शेतकरी यात गेले.

यावरचा तोडगा आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनचा. हा गृहस्थ मुळात गॅरेजवाला. 1909 च्या शेवटच्या दिवशी स्वतः बांधलेल्या विमानातून उडाला होता. पहिल्या महायुद्धात सरकारनं त्याला देशातल्या ट्रॅक्टरांच्या कामात सुधारणा करायला नेमलं आणि नांगर त्याच्या डोक्यात बसला तो कायमचा. साखळी काढून त्यानं नांगर तीन दांड्यांवर टांगला, खाली दोन आणि वर एक. खालचे दोन ओढतात. वरचा दांडा, ज्याला आपले ड्रायव्हर टॉप लिंक म्हणतात, तो उलट ट्रॅक्टरला पुढे रेटतो. त्यामुळे उलाळ व्हायची भीती जवळजवळ संपली.

मला खरी मौज वाटते ती पुढच्या करामतीची. टांगलेल्या नांगराचं वजन आणि फाळाला खाली खेचणारा मातीचा जोर, दोन्ही ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतात. माती जितकी घट्ट धरेल, तितकं चाक जमिनीत बसेल. म्हणजे ट्रॅक्टर हलकाच राहतो, ओढायच्या क्षणी जमिनीकडूनच वजन उसनं घेतो आणि नांगर उचलला की परत करून टाकतो. वर आणखी शहाणपण असं, की टॉप लिंकवरचा दाब एक स्प्रिंग मोजते आणि ओढ वाढली की हायड्रॉलिक लिफ्ट नांगर आपोआप किंचित वर घेते. ना संगणक, ना सेन्सर. शंभरेक वर्षांपूर्वीची स्प्रिंग आणि तेलाचा व्हॉल्व्ह!

इतिहासात नाव फर्ग्युसनचं आहे. पण त्याच्या कल्पना लोखंडात उतरवल्या त्या विली सँड्स नावाच्या मेकॅनिकनं. फर्ग्युसन बोलणारा, भांडणारा, विकणारा. सँड्स अबोल. अनेक वर्षं नांगर आणि लिफ्ट यांचे एकामागून एक नमुने तो घडवत राहिला. 1938 मध्ये फर्ग्युसननं हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर करार केला. पुढे फोर्डच्या नातवानं तो मोडला तेव्हा खटला गुदरला 25 कोटी डॉलरचा, आणि 1952 मध्ये पदरात पडले 92 लाख 50 हजार. या सगळ्या कज्जेदलालीची पुस्तकं आहेत. सँड्स त्यांत कोपऱ्यात उभा असतो. जगातला जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टर आज मागे तीन दांडे घेऊन फिरतो, आपल्या हिंगणा एमआयडीसीतल्या महिंद्राच्या कारखान्यातून निघणारासुद्धा.

आणि बर्फाचं म्हणाल, तर फर्ग्युसनचा छोटा टीई-20 थेट दक्षिण ध्रुवावर गेलेला आहे. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी असे तीन ट्रॅक्टर घेऊन ध्रुवावर पोचले. 1912 च्या स्कॉटनंतर जमिनीवरून तिथे पोचणारे हे पहिलेच. खरं तर त्यांचं काम होतं दुसऱ्या तुकडीसाठी वाटेत इंधन आणि शिधा ठेवण्याचं. ते आटोपल्यावर गडी थांबलाच नाही. ट्रॅक्टरची ताकद 30 अश्वशक्तीच्या आतलीच, म्हणजे आज आपण ज्याला मिनी म्हणतो तितकी. ताकद वाढवण्याऐवजी त्यांनी चाकांवर पट्टे चढवले, आणि हिमभेगेत पडण्याच्या भीतीनं ट्रॅक्टर एकमेकांना दोरानं बांधले.

भेगा आपल्याकडेही आहेत, उन्हाळ्यातल्या काळ्या मातीच्या. या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज चिरोट्यासारखं पापुद्र्यांचं असतं. पाणी पापुद्र्यांत शिरलं की फुगतं, सुकलं की आकसून फाटतं. ओली असताना ती दाबली, तर हवेची भोकं मिटतात. इथे एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: वरची माती टायरमधल्या हवेचं ऐकते, खालची माती एक्सलवरच्या वजनाचं. रुंद टायर लावून, हवा कमी करून वरचा थर वाचवता येतो. पण दोन टनांच्या ट्रॅक्टरनं फूट-दीड फूट खाली दाबलेला थर सहजी मोकळा होत नाही. संत्र्याच्या अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या बहुतांशी वरच्या फूटभरातच पसरतात. खालून निचरा तुंबला की मुळ्या गुदमरतात, पाठोपाठ मूळकुज आणि डिंक्या येतात. नागपुरी संत्र्याची 18-20 फुटांवरची लागवड, फांद्यांना बांबूचे टेकू, मधे उरलेली अरुंद वाट यांतून तीन-साडेतीन फुटी ट्रॅक्टर जातो हा त्याचा दिसणारा गुण. न दिसणारा गुण जमिनीखाली आहे.

गेल्या काही वर्षांत छोट्या ट्रॅक्टरांची जाहिरात जोरात आहे. महिंद्रानं 2023 मध्ये जपानी सहकार्यानं केलेली ओजा मालिका आणली, इतर कंपन्याही मागे नाहीत. चारही चाकांना ताकद देणारी रचना ओल्या वावरात खरोखर कामाची. पण मोबाइलवर ट्रॅक्टर कुठे आहे ते दिसतं हे ऐकून मला हसू येतं. तो कुठे आहे हे मामांना ठाऊक असतं, फसलेला असतो. त्याच पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात 'एडीडीसी' लिहिलेलं असतं. ती म्हणजे सँड्सच्या हातून घडलेली तीच करामत, सीटच्या बाजूच्या एका लिव्हरमध्ये बसवलेली. कित्येक बागांत ती लिव्हर वर्षानुवर्षं एकाच जागी गंजत पडलेली मी पाहिली आहे.

तेव्हा मामा, बर्फ निघेल. टायरला साखळ्या लावा, डिझेल थंडीत गोठणार नाही असं घ्या. आणि भाचा फेब्रुवारीत मृग बहाराच्या तोडणीला येणार आहे असं तुम्ही लिहिलंय, तर त्याला ट्रॅक्टर द्यायच्या आधी दुपट्टा काढून ठेवायला सांगा.