सामन्याआधीची वीस मिनिटे

वाचकहो, आपल्या मॉरिशसमध्ये खेळ म्हटला की प्रथम फुटबॉल आठवतो. आपली मुले इंग्लंडमधल्या क्लबांची नावे पाढ्यांच्या आधी पाठ करतात. बास्केटबॉल आपल्या शाळांच्या अंगणात दिसतो, फिनिक्सच्या जिम्नेशियममध्ये दिसतो, पण घरात त्याविषयी फारसे बोलणे होत नाही. आज मी त्याच खेळाविषयी लिहिणार आहे, आणि तेही दूरच्या जर्मनीतल्या. शिवाय सामन्याविषयी थोडे आणि सामना सुरू होण्यापूर्वी खेळाडू नुसते चेंडू फेकत असतात त्या वेळेविषयी अधिक. यात शिक्षिकेला लिहिण्यासारखे काय सापडले, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे, की ज्या घरात यंदा परीक्षेचे मूल आहे त्या घराने ही वीस मिनिटे एकदा तरी नीट पाहावीत.

आधी एक खुलासा करते. आपल्याकडे कॉलेज म्हणजे माध्यमिक शाळा. येथे मी कॉलेजचे खेळाडू म्हणते तेव्हा विद्यापीठात शिकणारे तरुण समजावेत. अमेरिकेत अशा विद्यार्थ्यांचे सामने पाहायला हजारो लोक लोटतात. जर्मनीची रीत वेगळी आहे. तेथे खेळ विद्यापीठाचा नसतो, गावच्या क्लबाचा असतो. पोरगा सात-आठ वर्षांचा झाला की क्लबात जातो आणि पुढे विद्यार्थी झाला तरी बहुधा क्लबाकडूनच खेळतो. म्हणून कित्येक जर्मन तरुण कॉलेजचा बास्केटबॉल खेळण्यासाठी अमेरिकेला गेले. लेव्हरकुसेनचा डेटलेफ श्रेम्फ वॉशिंग्टन विद्यापीठात गेला. बर्लिनचे मोरिट्झ आणि फ्रान्झ वाग्नर हे सख्खे भाऊ एकामागून एक मिशिगन विद्यापीठात खेळले. १० सप्टेंबर २०२३ रोजी मनिला येथे सर्बियाला ८३-७७ असे हरवून जर्मनी जगज्जेता झाला, त्या संघात हे दोघे भाऊ होते. जगभरच्या विद्यार्थ्यांचे क्रीडामहोत्सवही जर्मनीत भरले आहेत. १९८९ मध्ये ड्यूसबुर्ग येथे आणि जुलै २०२५ मध्ये राइन-रूर भागात ते झाले. २०२५ मध्ये अमेरिकेच्या पुरुषांचा बास्केटबॉल संघ म्हणून बेलर विद्यापीठाची मुले आली होती.

या खेळाचे आणि जर्मनीचे नाते जुने आहे. बास्केटबॉल १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने शोधून काढला. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची पदकस्पर्धा प्रथम झाली ती १९३६ साली बर्लिनला, उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर. अंतिम सामन्यात पाऊस पडला, चिखल झाला, आणि अमेरिकेने कॅनडाला अवघ्या १९-८ गुणांनी हरवले. आपल्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्याच वेळी बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी व्यायाम आणि कबड्डी दाखवली होती.

आता त्या वीस मिनिटांकडे येऊ. माझ्या बहिणीचा मुलगा वुर्झबुर्ग येथे शिकतो. एका सुट्टीत मी त्याच्याकडे गेले असता तो मला विद्यार्थ्यांचा एक सामना पाहायला घेऊन गेला. “मावशी, लवकर निघू या. सामन्याआधीचे पाहायला मिळाले पाहिजे,” असे म्हणून त्याने मला अर्धा तास आधीच बाकावर नेऊन बसवले. हॉल जवळजवळ रिकामा होता. दोन्ही संघ आले आणि मैदानाचा अर्धा अर्धा भाग वाटून घेऊन कामाला लागले.

प्रथम दोन रांगा होतात. एका रांगेतला पळत येऊन चेंडू कड्यात घालतो, दुसऱ्या रांगेतला तो झेलून पुढच्याला देतो आणि दोघे रांगा बदलतात. कोणी ओरडत नाही, कोणी सांगत नाही. अंगाला घाम आला की रांगा मोडतात आणि जो तो आपापल्या जागी उभा राहून फेकू लागतो. तेथे एक न लिहिलेला नियम चालतो. चेंडू कड्यातून गेला की खालचा गडी तो त्यालाच परत देतो, चुकला की चेंडू दुसऱ्याचा. म्हणजे ज्याचा नेम बसला त्याला आणखी एक संधी मिळते.

मी दोन मुलांवर लक्ष ठेवले. एक उंच मुलगा कड्याखालीच, हातभर अंतरावर उभा राहिला. तेथून तो एका हाताने फेकत होता. लहान पोरालाही जमेल इतके ते सोपे होते. आठ-दहा चेंडू गेल्यावर तो एक पाऊल मागे सरला, पुन्हा तितकेच फेकले, पुन्हा एक पाऊल मागे. दुसरा आल्याबरोबर लांबच्या रेषेवर, म्हणजे कड्यापासून ६.७५ मीटरवर गेला. त्याचे चेंडू सुरेख जात होते. गेला की तो हळूच बाकांकडे पाही. आमच्यासारख्या प्रेक्षकांचे डोळे साहजिकच त्याच्यावर होते.

मला आपली झाकरी आठवली. गणपतीच्या दिवसांत मंडळी गोल करून उभी राहण्याआधी ढोलकवाला बाजूला बसून थापा मारून पाहतो. तो तेव्हा आपली कला दाखवत नसतो. चामडे आज कसे बोलते, हात कसा पडतो, एवढेच तो विचारत असतो. तो उंच मुलगाही आपल्या हाताला तेच विचारत होता.

या फेकण्यात गणित आहे, ते घरी मुलांना दाखवण्यासारखे आहे. कड्याचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे २४. म्हणजे चेंडू अगदी वरून पडला तर जागा भरपूर आहे. पण चेंडू वरून पडत नाही, तिरका येतो. जेवणाचे ताट हातात धरा आणि हळूहळू आडवे करत डोळ्यांच्या पातळीला आणा. गोल ताट लांबट दिसू लागते आणि शेवटी त्याची नुसती कडा उरते. चेंडूला कडे असेच दिसते. तो ३० अंशांच्या कोनात आला तर त्याला २२.५ सेंटिमीटरचीच वाट मिळते, म्हणजे कड्याला न लागता आत जाणे अशक्य. ४५ अंशांत सुमारे ३२ सेंटिमीटर आणि ६० अंशांत ३९. मग सगळेच उंच का फेकत नाहीत? कारण चेंडू जितका उंच जाईल तितका जोर अधिक लागतो आणि अंतराचा अंदाज चुकण्याचा धोका वाढतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या उंचीप्रमाणे, आपल्या हाताप्रमाणे स्वतःची कमान शोधावी लागते. शेजाऱ्याची कमान उसनी घेऊन चालत नाही.

हा हिशेब मांडणारा माणूस जर्मनीतच होता. त्याचे नाव होल्गर गेश्विंडनर. तो स्वतः खेळाडू आणि शिक्षणाने गणित-भौतिकशास्त्राचा. १९९० नंतरच्या दशकात त्याच्या नजरेस वुर्झबुर्गचा एक लांबलचक पोरगा पडला, डिर्क नोविट्झकी, जन्म १९७८ चा. आई बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉल खेळलेले. गेश्विंडनरने त्याच्या उंचीला आणि हाताच्या लांबीला साजेशी कमान कागदावर काढली आणि बाम्बेर्गजवळच्या राटेल्सडोर्फ या लहानशा गावातील हॉलमध्ये त्याला ती शिकवली. एवढेच नव्हे, त्याला सॅक्सोफोन वाजवायला लावला, पुस्तके वाचायला लावली. खेळाला ताल हवा आणि ताल संगीतातून अंगात येतो, असे त्याचे मत. पुढे डिर्क अमेरिकेत डॅलसच्या संघातून २१ हंगाम खेळला, पण नाव झाल्यावरही उन्हाळ्यात तो आपल्या गुरूबरोबर त्याच हॉलमध्ये जाऊन फेकत असे.

बास्केटबॉलमध्ये एक फेक अशी आहे की तिच्यात आणि सामन्याआधीच्या फेकीत दिसायला काहीच फरक नाही. तिला फ्री थ्रो म्हणतात. प्रतिपक्षाने चूक केली की खेळाडूला फळीपासून ४.६ मीटरवरच्या रेषेवर उभे करतात. त्याला कोणी अडवत नाही. फरक इतकाच, की आता हजारो लोक बघत असतात आणि गुण मोजले जातात. मे २०११ मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या एका सामन्यात नोविट्झकीने २४ पैकी २४ फ्री थ्रो घातले. त्याच वर्षी मायामीविरुद्ध अंतिम फेरीत ४६ पैकी ४५ घातले आणि डॅलस प्रथमच विजेता ठरला. राटेल्सडोर्फच्या रिकाम्या हॉलमध्ये जे अंगवळणी पडले, ते भरल्या हॉलमध्ये मोडले नाही.

पण वाचकहो, गोष्ट येथे संपवली तर ती अर्धी राहील. १९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये हाच गेश्विंडनर पश्चिम जर्मनीच्या संघाचा कर्णधार होता. त्या वेळी अमेरिकेचा संघ कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा असे. ऑलिंपिकमध्ये अमेरिका तोपर्यंत ६३ सामने खेळली होती आणि एकही हरली नव्हती. ५ सप्टेंबरला इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला, महोत्सव थांबला आणि दुःखाच्या सावलीत पुन्हा सुरू झाला. ९ सप्टेंबरच्या रात्री रुडी-सेडलमायर हॉलमध्ये सोव्हिएत संघाशी अंतिम सामना रंगला, तो संपेपर्यंत मध्यरात्र उलटून १० तारीख लागली होती.

शेवटचे ३ सेकंद उरले असताना अमेरिका ४८-४९ अशी एका गुणाने मागे होती. डग कॉलिन्स या इलिनॉय स्टेट विद्यापीठाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने चेंडू पळवून कड्याकडे धाव घेतली, आणि त्याला असा धक्का बसला की तो खांबापाशी जाऊन पडला. क्षणभर त्याला काही सुधरेना. मग उठून तो फ्री थ्रोच्या रेषेवर आला. पहिला गेला. दुसरा हातातून सुटण्याच्या सुमारास भोंगा वाजला, तरी तोही गेला. ५०-४९. डोके गरगरत असताना हाताने आपले काम ओळखले. विचार करायला वेळ मिळाला नाही की सवयच मदतीला येते.

आणि तरीही ते विद्यार्थी हरले. घड्याळावरून वाद झाला आणि शेवटचे ३ सेकंद पुन्हा पुन्हा खेळवण्यात आले. तिसऱ्या वेळी इव्हान येडेश्कोने मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चेंडू फेकला, अलेक्झांडर बेलोव्हने तो झेलून कड्यात घातला, आणि ५१-५० असा निकाल लागला. अमेरिकेची तक्रार पंचमंडळाने ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. अमेरिकन मुलांनी रौप्यपदके घेतली नाहीत. न्याय कोणाच्या बाजूला होता, यावर त्यानंतर खूप वाद झाला. मला सांगायचे आहे ते वेगळेच. त्या निकालाने कॉलिन्सचे दोन फ्री थ्रो चुकीचे ठरत नाहीत. त्याच्या हातात होते तेवढे त्याने केले.

वुर्झबुर्गच्या त्या सामन्याचेही सांगते, नाहीतर तुम्ही वाट पाहत राहाल. लांबून फेकणाऱ्या मुलाच्या अंगावर रक्षक धावून येताच त्याचा नेम डगमगू लागला, पण दोन-तीन चेंडू त्याने छान घातले. उंच मुलाने फार गुण केले नाहीत, मात्र फ्री थ्रोला उभा राहिला की त्याचा हात तसाच चाले जसा रिकाम्या हॉलमध्ये चालला होता. सामना त्याच्या संघाने गमावला. सामन्याआधीच्या फेकीवरून कोण जिंकणार हे कळत नाही. कोणाचा हात स्थिर आहे, एवढे मात्र कळते.

आपल्या घरांत काय चालते? सहावीची परीक्षा असो की एच.एस.सी., त्या दिवशी सकाळी आपण मुलाला बसमध्येसुद्धा नवी प्रश्नपत्रिका सोडवायला लावतो. ट्यूशनवरून ट्यूशनला धावलेले मूल त्या सकाळी कठीण गणित अडले की घाबरते आणि तीच घाबरगुंडी घेऊन वर्गात शिरते. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांला शिकवले होते की पाठ नेहमी मुलाला येत असलेल्या गोष्टीपासून सुरू करावा. त्या उंच मुलाने तेच केले. परीक्षेच्या सकाळी मुलाला येणारी दोन सोपी गणिते करू द्या, पाठ असलेला एक उतारा वाचू द्या. हात बसला की नाही, हे त्याचे त्याला कळू द्या. कठीण भाग शिकायला आधीचे अख्खे वर्ष असते.

आणि निकाल लागेल तेव्हा म्युनिकची ही गोष्ट त्याला सांगा. निकाल चांगला लागला तर तो हाताला लागलेल्या सवयीचा आहे हे सांगा, म्हणजे मूल गर्वाने फुगणार नाही. वाईट लागला तर आधी गुणपत्रिका बाजूला ठेवून विचारा, की तुझे तू नीट केलेस ना? उत्तर होय असेल तर त्या दिवशी घरात आवाज चढवू नका. उत्तर नाही असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा कड्याखाली, हातभर अंतरावरून सुरुवात करा.

पुढच्या वेळी शाळेत किंवा फिनिक्सला सामना असेल तर मुलांना घेऊन अर्धा तास आधी जा. टाळ्या कोणाला पडतात ते पाहू नका. कड्याच्या अगदी जवळ उभे राहून कोण सुरुवात करतो, ते मुलांना दाखवा.