तिला कोण मत देणार?

पावसाळा सरला की बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीच्या गोष्टी सुरू होतात. कोण उभी राहणार, कुठल्या प्रभागात आरक्षण पडलं, कोणाचा अर्ज राहिला, कोणाचा मागे घेतला. आपल्या रेडिओवर कोणाचा प्रचार करता येत नाही, आणि सहयोगिनी म्हणून मलाही तो करायचा नाही. पण निवडणुकीतली एक चूक मी जवळून पाहिलेली आहे. तिच्याविषयी आज बोलायचं आहे. समोरच्या उमेदवाराला काहीच न समजणं, ही ती चूक.

आधी मुंबईची एक जुनी गोष्ट सांगते. मुंबईची असली तरी तिचं एक टोक आपल्या जिल्ह्यात आहे.

मी बी.ए. केलं ते मालवणच्या स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालयात. तीन वर्षं त्या नावाच्या फाटकातून आत-बाहेर केलं, पण हे स. का. पाटील कोण हे विचारलं नव्हतं. नंतर कळलं. सदाशिव कानोजी पाटील, आपल्या कुडाळ तालुक्यातल्या झारापचे. मुंबईत गेले, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग भोगला, तीन वेळा मुंबईचे महापौर झाले, मुंबई काँग्रेस त्यांच्या मुठीत होती. लोक त्यांना मुंबईचे बिनमुकुटाचे राजे म्हणत. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत भलेभले काँग्रेसवाले पडले. पाटलांचा तर मुंबई महाराष्ट्राला द्यायला उघड विरोध होता, तरी दक्षिण मुंबईतून ते निवडून आले. 1962 ला पुन्हा आले. 1967 ची निवडणूक लागली तेव्हा ते देशाचे रेल्वेमंत्री होते. एवढं सगळं पाठीशी असताना आपण पडू असं कोणाच्या मनात येईल?

त्यांच्यासमोर उभे राहिले जॉर्ज फर्नांडिस. वय 36. मंगळूरकडचा मुलगा, नोकरी शोधत मुंबईला आलेला, सुरुवातीला फूटपाथवर झोपलेला. पुढे हॉटेलातले कामगार, टॅक्सीवाले, महापालिकेचे कामगार यांच्या संघटना त्यांनी बांधल्या आणि 1961 पासून ते नगरसेवक होते. पाटलांच्या माणसांना ही लढत म्हणजे पोरखेळ वाटत होता. मला देवसुद्धा हरवू शकत नाही, असं पाटील बोलून गेले, ही गोष्ट आजही सांगतात. जॉर्ज यांच्या लोकांनी तेच उचललं. मुंबईच्या भिंतींवर पत्रकं लागली. त्यांचा मजकूर एवढाच, की पाटलांना तुम्ही हरवू शकता.

त्या पत्रकांत जॉर्ज किती मोठे हे लिहिलेलं नव्हतं, पाटील किती वाईट हेही नव्हतं. मतदाराला त्याची स्वतःची ताकद सांगितली होती. आणि ज्यांना सांगितली, त्यांच्याशी जॉर्ज यांची ओळख मतं मागण्याआधीची होती. पगार अडला, कामावरून काढलं, पोलिसांनी टॅक्सी अडवली, अशा वेळी ही माणसं एकमेकांसोबत उभी राहिलेली होती. पाटलांनी समोर एक तरुण पोरगा पाहिला. त्याच्या मागे उभी असलेली हॉटेलातली, गॅरेजमधली, कचऱ्याच्या गाडीवरची माणसं त्यांच्या हिशेबात आली नाहीत. जॉर्ज यांना जवळजवळ साडेअठ्ठेचाळीस टक्के मतं पडली आणि पाटील हरले.

माझे चुलत आजोबा तेव्हा महापालिकेत कामाला होते. पाटील आपल्या जिल्ह्यातले, झारापचे, याचा त्यांना अभिमान होता. तरी मत त्यांनी जॉर्जला दिलं. का, असं विचारलं की म्हणायचे, "पाटील आमचो, पण तेंका आमचा घर खंय म्हायत होता?"

त्याच वर्षी तामिळनाडूत कामराज हरले. ते मुख्यमंत्री राहिलेले, देशाचा पंतप्रधान ठरवण्यात ज्यांचा शब्द चाले असे नेते. त्यांना त्यांच्याच विरुधुनगरमध्ये एका विद्यार्थी नेत्याने पाडलं. आणि जॉर्ज? 1971 साली त्याच दक्षिण मुंबईत जॉर्जही हरले. पुढे ते रेल्वेमंत्री झाले, आपले खासदार मधु दंडवते तेव्हा अर्थमंत्री होते, आणि त्याच काळात, 1990 साली, कोकण रेल्वेचं महामंडळ उभं राहिलं. ती रेल्वे आज झाराप स्टेशनावरून जाते. हे जरा विषयाबाहेरचं झालं, पण मला प्रवासात प्रत्येक वेळी आठवतं.

आपल्याकडेही हे नवं नाही. कुडाळ-मालवण मतदारसंघात 2009 ला वैभव नाईक हरले होते. 2014 ला त्यांनीच नारायण राणे यांना दहा हजारांहून जास्त मतांनी हरवलं. 2024 ला नाईक यांना निलेश राणे यांनी हरवलं. त्यामागे कारणं अनेक असतील, ती ज्याची त्याने शोधावीत. मी एवढंच बघते, की हरलेला माणूस हरल्याच्या दुसऱ्या दिवशी नाहीसा होत नाही. तो गावात फिरतच असतो.

आता आपल्या घरातलं. गावाचं नाव सांगत नाही, खाडीकाठचं एक गाव समजा.

तिथे एका प्रभागात महिलांची जागा होती. आमच्या ग्रामसंघाची अध्यक्ष उभी राहिली. हुशार बाई. बँकेत जाऊन साहेबाशी बोलणारी, कर्जाचे कागद तोंडपाठ, माईक हातात दिला की न अडखळता बोलणारी. समोर एक मासे विकणारी बाई. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी, सहीपुरतं लिहिणारी. अर्ज भरतानाच सगळ्या हसल्या. "तिका मत कोण घालतला गो?" हे वाक्य मी त्या पंधरा दिवसांत इतक्यांदा ऐकलं, की मलाही ते खरं वाटायला लागलं. प्रचाराला मी गेले नाही, पण त्या हसण्यात मीही होते. ते कबूल केल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही.

अकरा मतांनी आमची बाई पडली.

चार दिवस सगळ्या गप्प. मग पाचव्या दिवशी आम्ही मतदारयादी घेऊन बसलो. एकेक नाव वाचत गेलो तेव्हा जे निघालं ते ऐका. आमच्याच गटांतल्या नऊ जणी मतदानाला गेल्याच नव्हत्या. कोणाची भातकापणी, कोणाकडे पाहुणे, आणि "आपली येतलीच" ही खात्री. सहा चाकरमानी मुंबईत, त्यांना कोणी फोनच केला नाही. व्हाळापलीकडच्या वाडीत आमच्यातलं कोणी पाऊल ठेवलं नव्हतं, कारण तिथली मतं तशीही आपलीच असं धरलं होतं. दोन आजी अंथरुणावर. त्यांना केंद्रावर घेऊन गेली ती मासेवालीची सून, रिक्षा करून.

आणि मासेवाली काय करत होती? काहीच वेगळं नाही. वीस वर्षं ती प्रत्येक घराच्या मागच्या दाराला जात होती. कोणाची सून बाळंतीण, कोणाचा नवरा पितो, कोणाकडे महिनाअखेरीला पैसे नसतात, हे तिला माहीत. बांगडे उधार देऊन तगादा न लावणारी बाई. सभा नाही, पत्रक नाही. शेवटच्या आठवड्यात एवढंच म्हणायची, "मी उभी आसय हां." आम्हाला वाटलं तिचा प्रचारच नाही.

तेव्हापासून ज्या गावात कोणी विचारतं, त्यांना मी एकच काम सांगते. ते कुठल्याही उमेदवाराच्या बायकांनी करावं. प्रभागाची मतदारयादी मिळवा. पेन्सिल घ्या. ज्या घरात आपण स्वतः जाऊन बोललो, त्यावर एक खूण. ज्या घराबद्दल आपल्याला फक्त वाटतं, त्यावर दुसरी. दुसऱ्या खुणेची घरं आपली धरायची नाहीत. जाऊन बोलेपर्यंत ती समोरचीची समजा. पहिल्यांदा यादी अशी भरली की छातीत धस्स होतं, कारण "आपली" म्हणून मोजलेली अर्धी घरं दुसऱ्या खुणेत निघतात. ग्रामपंचायतीच्या प्रभागात मतदार काही शे असतात, दोन-चार मतांवर निकाल लागतात, आणि मतं समान पडली तर चिठ्ठी काढतात. पाच वर्षांचं पाणी, रस्ता, अंगणवाडी एका चिठ्ठीवर! तेव्हा चाकरमान्यांना फोन कोण करणार, आजींना कोण नेणार, कापणीला गेलेल्या बाईला दुपारी कोण बोलावणार, हे नावानिशी आधी ठरवा.

दुसरं एक काम जरा जड जातं. गटातली एक जण समोरची उमेदवार होऊन बोलते. ती काय सांगेल, लोकांना तिचं काय पटेल, ते खरं-खरं बोलायचं, टिंगल न करता. आमच्याकडे हे केलं तेव्हा समोरचीच्या बाजूने बोलणारी इतकं चांगलं बोलली, की उमेदवार रागावून उठून गेली. थोड्या वेळाने परत आली आणि वही उघडून लिहायला बसली.

काही जणी विचारतात, मग समोरचीला घाबरून राहायचं का? घाबरण्याने काम होत नाही. घाबरलेली बाई खोटंनाटं पसरवते, आणि गावात ते दुसऱ्या दिवशी उलटतं. समोरचीला नीट बघायचं, एवढंच.

त्या खाडीकाठच्या गावात मी अजून महिन्याच्या बैठकीला जाते. निवडून आल्यावर मासेवाली बाई एकदा तिथे आली. हातात ग्रामपंचायतीचा कागद होता, नळयोजनेबद्दल गटाचं म्हणणं तिला हवं होतं. काम झाल्यावर आमच्या अध्यक्षबाईंनीच तिला विचारलं, तू अजून कुठल्या गटात का नाहीस? त्या गावात गट सुरू होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि ती रोज आमच्या प्रत्येकीच्या दारात येत होती.

ती म्हणाली, "माका कोणी कधी इचारल्यानच नाय."

त्या दिवशी बैठकीच्या वहीत तिचं नाव लिहिलं. पुढच्या महिन्यापासून तिची बचत सुरू झाली.