कोकणचा वारा आणि विजेची निर्मिती

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या सीमेलगत वसलेले रेडी हे गाव लोहखनिजासाठी आणि बंदरासाठी परिचित आहे. खनिज एकदा उपसले की संपते. याच किनाऱ्यावरचा वारा मात्र दरवर्षी नव्याने येतो. त्याला कामास लावण्याचा राज्यातील आरंभीचा प्रयत्न याच जिल्ह्यात झाला. १९८६ च्या सुमारास गुजरात, तामिळनाडू व महाराष्ट्राच्या किनाऱ्यांवर ५५ किलोवॅटच्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात त्यासाठी देवगडची निवड झाली होती.

वाऱ्याचे गणित

वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. सेकंदाला ५ मीटरऐवजी ६ मीटर वेगाचा वारा मिळाल्यास शक्तीत सुमारे ७३ टक्के वाढ होते. पात्याची लांबी दुप्पट केल्यास वारा अडविणारे क्षेत्र चौपट होते. म्हणूनच मनोरे उंच आणि पाती लांब होत गेली. मात्र वाऱ्यातील सर्व शक्ती काढून घेता येत नाही. त्याची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ५९ टक्के आहे. जागा निश्चित करण्यापूर्वी किमान वर्षभर वाऱ्याचे मोजमाप करणे आवश्यक ठरते, ते यामुळेच.

किनाऱ्याकडून पठाराकडे

किनाऱ्यावरील खारी हवा यंत्रांना गंज चढविते, तर सह्याद्रीच्या उघड्या पठारांवर वारा अधिक जोराने वाहतो. त्यामुळे पुढील विस्तार साताऱ्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे आणि धुळ्यातील ब्राह्मणवेल येथे झाला. आज राज्याची स्थापित पवनक्षमता ५ हजार मेगावॅटहून अधिक आहे.

या विजेला ऋतूचे बंधन आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जून ते सप्टेंबर या काळात उत्पादन सर्वाधिक होते; नेमक्या त्याच वेळी कृषिपंपांची मागणी कमी असते. अशा दिवसांत जलविद्युत केंद्रांनी धरणातील पाणी राखून उन्हाळ्यात वापरले, तर वारा आणि पाणी परस्परपूरक ठरतात.

ग्रामपंचायतींचे कर्तव्य

पवनचक्कीला जागा थोडी लागते. परंतु अवजड सुटे भाग नेण्यासाठी डोंगरात रुंद रस्ते करावे लागतात. भीमाशंकर परिसरातील अशा रस्त्यांमुळे झालेल्या वृक्षतोडीकडे व मातीच्या धुपीकडे पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात लक्ष वेधले होते. कोकणातील कातळसड्यांवर पावसाळी वनस्पती, गुरांची चराई आणि पाणी मुरण्याच्या जागा आहेत. म्हणून प्रस्ताव आल्यास ग्रामसभेने काही प्रश्न आधीच विचारावेत: जमीन विकली जाणार की भाडेपट्ट्याने दिली जाणार? पाणवठ्याच्या वाटा मोकळ्या राहतील काय? गावाला कर व रोजगार किती मिळेल? आयुष्य संपलेली यंत्रे कोण हलविणार?

वारा कोणाच्याही मालकीचा नाही. जमीन मात्र गावाची आहे. या प्रश्नांची उत्तरे कागदावर घेतली गेली, तरच वाऱ्याच्या विजेचा लाभ गावाच्याही पदरात पडेल.