प्रार्थनेची परंपरा : तुझ्याच वचनाच्या आधारे

मागील लेखात आपण विलापस्तोत्रांतील तक्रारीचा सूर पाहिला. बायबलमधील प्रार्थनेची आणखी एक रीत या सुराला लागूनच आहे, आणि ती तितकीच धीट आहे. प्रार्थना करणारा देवाला त्याने पूर्वी दिलेल्या वचनाची आठवण करून देतो आणि त्याच्याच शब्दाच्या आधारे मागतो. याकोब, मोशे, दावीद, शलमोन, दानीएल, नहेम्या या सर्वांच्या प्रार्थनांत ही रीत आढळते. १९व्या शतकातील प्रसिद्ध इंग्रज धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी तर देवाच्या वचनांना धनादेशाची उपमा देऊन रोजच्या वाचनाचे एक पुस्तकच लिहिले. खचलेल्या माणसाचा विश्वास दृढ व्हावा हा त्यांचा हेतू स्वच्छ होता. पण ही उपमा एकटीच हाती धरली तर प्रार्थना ही वसुली वाटू लागते. मूळ प्रसंग नीट वाचले की वेगळेच चित्र दिसते. वचनाचा आधार घेणाऱ्यापाशी स्वतःचा म्हणून कोणताच आधार उरलेला नसतो, आणि वचनाबरोबर येणारी जबाबदारीही तो अंगावर घेतो. या लेखात मला मांडायचे आहे ते हेच.

सर्वांत बोलका प्रसंग निर्गमाच्या ३२व्या अध्यायातला आहे. मोशे सीनाय पर्वतावर असताना खाली लोकांनी सोन्याचे वासरू करून त्याची पूजा मांडली. या लोकांचा नाश करून मोशेपासूनच एक मोठे राष्ट्र उभे करण्याचा विचार देव बोलून दाखवतो. त्यावर मोशे अब्राहाम, इसहाक आणि इस्राएल यांना शपथपूर्वक दिलेल्या वचनाची आठवण करून देतो. वचनाच्या केवळ अक्षरावर बोट ठेवले, तर मोशेची बाजू लंगडी ठरते. तो स्वतः अब्राहामाच्याच वंशातला, तेव्हा एकट्या मोशेपासून राष्ट्र उभे राहिले असते तरी अक्षरशः वचन पाळलेच गेले असते. मोशे त्या पळवाटेचा लाभ घेत नाही. स्वतःचा मोठेपणा नाकारून तो अपराधी लोकांच्या बाजूने उभा राहतो. लोक निर्दोष असल्याचे तो सांगत नाही, त्यांच्या वतीने एखादे पुण्यही पुढे करत नाही. वचन देणारा कसा आहे, एवढ्याच भरवशावर तो बोलतो. गणनाच्या १४व्या अध्यायात तो पुन्हा अशीच मध्यस्थी करतो. देवाने स्वतःविषयी जे सांगितले होते तेच तो त्याच्यापुढे मांडतो, आणि त्यातला दयेचा भाग घेताना अपराधाला शासन करण्याचा कठोर भागही वगळत नाही. क्षमा मिळते, तरी कालेब आणि यहोशवा यांच्याखेरीज मिसरातून निघालेली ती प्रौढ पिढी वचनदत्त देशात पोहोचत नाही. पूर्ण वचन मागणाऱ्याने पूर्ण उत्तरही स्वीकारले.

नहेम्याची प्रार्थना याच वळणाची आहे. शूशन राजवाड्यात तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. यरुशलेमेचा तट पडल्याचे कळल्यावर तो उपास करून प्रार्थना करतो आणि मोशेद्वारे मिळालेल्या शब्दाची देवाला आठवण देतो. त्या शब्दाच्या दोन बाजू आहेत : अविश्वासूपणा केलात तर पांगवीन, आणि परत फिरलात तर गोळा करीन. नहेम्या दोन्ही उच्चारतो. पहिली खरी ठरली हे मान्य करून, त्या पापात स्वतःला व आपल्या घराण्याला गोवून, मगच तो दुसरीकडे वळतो. पुढे तो राजाकडे रजा, पत्रे आणि लाकूड मागतो आणि यरुशलेमेस जातो. ५२ दिवसांत तट उभा राहतो. वचनाने त्याला हातावर हात ठेवून बसवले नाही.

येथे पहिला आक्षेप येतो. देव सर्वज्ञ आहे, त्याला आठवण कशाची करायची? आणि वचन दिलेलेच आहे, तर मागायचे कशाला? दानीएलाचे उदाहरण याचे उत्तर देते. यिर्मयाच्या लेखनातील ७० वर्षांचा उल्लेख वाचून मुदत भरत आल्याचे त्याला उमगते. तो दिवस मोजत बसत नाही. गोणपाट नेसून, राख माखून तो राष्ट्राचे पाप कबूल करतो. कर्मेल डोंगरावर एलीयाही तसाच. पाऊस पाडीन हे देवाने आधीच सांगितले होते, तरी तो भूमीपर्यंत वाकून राहतो आणि चाकराला सात वेळा समुद्राकडे पाहायला पाठवतो. यहेज्केलाच्या ३६व्या अध्यायात तर पुनःस्थापनेचे वचन दिल्यानंतरही लोकांनी यासाठी आपल्याकडे मागावे, असे देव म्हणतो. या परंपरेत मागणे हा वचनपूर्तीचाच एक भाग आहे. आठवण देवाच्या विस्मरणावर उपाय म्हणून दिली जात नाही. देव जे करणार आहे त्यात माणसाने मनाने सामील व्हावे, यासाठी ती आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशाने वचनाचा मंत्र होणार नाही का, उच्चारला की फळ देणारा? हा धोका बायबलनेच ओळखला आहे. मत्तयाच्या ४थ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेऊन ९१व्या स्तोत्रातील संरक्षणाचे वचन ऐकवतो आणि उडी घ्यायला सांगतो. वचन खरे आहे, शब्दही शास्त्रातलेच आहेत. तरीही देवाची परीक्षा पाहू नये या अनुवाद नावाच्या पुस्तकातील आज्ञेने येशू ते नाकारतो. ज्या भरवशाने माणूस संकटात हाक मारतो, त्याच भरवशाने संकट ओढवून घेणे हा वचनाचा गैरवापर आहे. यिर्मयाने ७व्या अध्यायात यरुशलेमकरांना हेच बजावले. मंदिर आपले आहे म्हणून आपण सुरक्षित, असे म्हणत परक्यावर, अनाथावर आणि विधवेवर जुलूम करणाऱ्यांना त्या मंदिराचा आसरा मिळणार नव्हता.

मग वचन मोडलेलेच दिसते तेव्हा काय? ८९व्या स्तोत्रात दावीदाला दिलेली शपथ विस्ताराने आठवून, मुकुट धुळीत मिळाल्याचे सांगून, कवी ते पूर्वीचे प्रेम कुठे गेले असे विचारतो. स्तोत्रात त्याला उत्तर मिळत नाही. संकलनकर्त्यांनी ही प्रार्थना गाळली नाही, यावरून दिसते की वचनाचा आधार घेणे म्हणजे हवे ते हमखास मिळणे, असे या परंपरेने कधी मानले नाही. उत्तर न मिळताही कवी त्याच देवाशी, त्याच शपथेच्या आधारे बोलत राहतो.

म्हणून एखादे वचन प्रार्थनेत घेण्यापूर्वी त्याच्या मागचापुढचा भाग जरूर वाचावा. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातील ११वे वचन अनेक ख्रिस्ती घरांत भिंतीवर असते. भविष्य व आशा देणारे ते वचन बाबेलमधील बंदिवानांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आधीचेच वचन ७० वर्षे थांबायला सांगते. दोन वर्षांत सुटका होईल असे सांगणारा हनन्या खोटा ठरला. यिर्मयाने मात्र घरे बांधा, बागा लावा, परक्या नगरासाठीही प्रार्थना करा, असे सांगितले. आपल्याला आवडलेल्या ओळीबरोबर ती जबाबदारीही जो स्वीकारतो, त्यानेच ते वचन खऱ्या अर्थाने प्रार्थनेत घेतले. पुढील लेखात शलमोनाने मंदिरार्पणाच्या वेळी केलेली प्रार्थना पाहू. त्याआधी वाचकांनी पहिल्या राजांचा ८वा अध्याय सलग वाचावा, ही विनंती.