फ्रेंच प्रेस: वीज नको, कागदी गाळणी नको
पावसाळ्यात मोखाड्याची वीज गेली तरी गॅस किंवा चूल पेटते, आणि फ्रेंच प्रेसला तेवढंच पुरतं. काचेचं भांडं, दांडा, त्याला बसवलेली धातूची जाळी. मिलानच्या कालिमानी आणि मोनेता यांनी 1929 मध्ये याचं पेटंट घेतलं.

खरी गोम दळणात आहे. कॉफी जाड रव्यासारखी हवी. दाक्षिणात्य फिल्टरची बारीक पूड जाळीतून निसटते, कपात गाळ येतो आणि चव कडवट होते. चिकोरी मिसळलेली पूड तर नकोच. बिया आणून घरी दळाव्यात. मेळघाटातल्या चिखलदऱ्याच्या मिळाल्या तर जरूर घ्याव्यात, आपल्याच राज्यातलं पीक आहे.

अर्धा लिटर पाण्याला 30 ग्रॅम कॉफी. पाणी 92 ते 96 अंशांचं असावं. उंची वाढते तसा उकळबिंदू उतरतो, दर 300 मीटरला साधारण 1 अंश. चिखलदऱ्याला, सुमारे 1100 मीटरवर, उकळतं पाणी थेट ओतलं तरी चालतं. मोखाड्यात गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबावं. ओतल्यावर ढवळावं, 4 मिनिटांनी दांडा सावकाश दाबावा. जोर लागत असेल तर दळण बारीक झालंय; रेटू नये, काच फुटते. तयार कॉफी लगेच कपात ओतावी, नाहीतर ती भुकटीवर मुरत कडू होत जाते.

कागदी गाळणी कॉफीतलं तेल अडवते, जाळी अडवत नाही. दाट चव त्यामुळेच येते. पण त्या तेलातलं कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवतं, तेव्हा तो त्रास असलेल्यांनी रोज पिऊ नये.