ए शिफ्ट आणि शकुंतलाबाई

पहाटे ५.००

चहा उकळेपर्यंत फोन बघितला. महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाची पत्रिका मंडळाच्या ग्रुपवर आली आहे, अजून कच्ची. कार्यक्रम रविवारी, ३ मेला. माझ्या नावासमोर विषय आहे : ‘रँग्लर परांजपे यांच्या कन्या व सई परांजपे यांच्या मातोश्री कै. शकुंतला परांजपे’. त्या २००० साली ३ मेलाच गेल्या, म्हणून तर मी हा विषय सुचवला. मातोश्री सुचवल्या नव्हत्या. एका अंगाला बाप, दुसऱ्या अंगाला लेक आणि मधे बाई, शेअर रिक्षातल्या तिसऱ्या सवारीसारखी दाबून बसवलेली. सेक्रेटरीकाकांना संध्याकाळी फोन करायचा असं ठरवून डबा भरला.

५.५०

गेटवर रांग. मानेसरच्या आसपासच्या अलियर, ढाणा, नाहरपूर, कासन या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांमधून मुली येतात. बहुतेक बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशातल्या. आमची कंपनी गाड्यांचं वायरिंग हार्नेस बनवते. बोटं चपळ लागतात म्हणून लाइनवर मुलीच जास्त, असं एचआर सांगतं. पगाराबद्दल एचआर एवढ्या हौसेने बोलत नाही.

६.१५

ओएचसी (कंपनीचा दवाखाना) उघडली. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा, स्ट्रेचर, अँब्युलन्सचं रजिस्टर, लाइनवरच्या फर्स्ट एड पेट्या. सह्या करून मोकळी.

७.१०

पहिली पेशंट क्रिम्पिंग मशीनवरची. टर्मिनलची पितळी कड तर्जनीच्या पेरात घुसलेली, ती मुलीनेच ओढून काढलेली. बोट नळाखाली धरलं, मग सलाइनने धुतलं. कडेची कातडी पांढरी पडली होती, पण पेर नीट वाकत होतं. बेटाडिन, ड्रेसिंग, टिटॅनसचं इंजेक्शन. तिला एकच काळजी : “दीदी, आज की हाजिरी कटेगी क्या?” कटणार नाही, असं कागदावर लिहून दिलं आणि सुपरवायझरला फोनवरही सांगितलं. नुसत्या कागदाचा भरवसा नाही.

९.००

चहा. भिंतीवर प्रसूतीच्या २६ आठवड्यांच्या रजेचं पोस्टर आहे, २०१७ च्या दुरुस्तीनंतरचं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी तिने कामकरी बायकांच्या बाळंतपणाचा करार केला. १९३० च्या दशकात शकुंतलाबाई जिनिव्हाला याच संघटनेत नोकरीला होत्या. माझ्या ओएचसीशी त्यांचा हा पहिला धागा.

जिनिव्हाच्या आधी केंब्रिज. वडील १८९९ चे सीनियर रँग्लर. लेकीनेही न्यूनहॅम कॉलेजात राहून १९२९ मध्ये गणिताची ट्रायपॉस दिली. बाईने परीक्षा द्यावी, पास व्हावं, पण विद्यापीठाची पूर्ण पदवी मागू नये, असा तेव्हाचा कारभार. केंब्रिजने बायकांना ती पदवी १९४८ साली दिली. बापलेकीची तुलना करणाऱ्यांच्या हे गावीही नसतं.

१०.३०

नव्या बॅचचं इंडक्शन. सेफ्टीवाल्यांना दीड तास, मला वीस मिनिटं. विषय पाळी, रक्तक्षय आणि पाळणा लांबवणं. तिसरं सुरू झालं की सुपरवायझरला हटकून फोन येतो आणि तो बाहेर जातो. बरंच होतं. मुली आधी ओढणीत हसतात, मग प्रश्न विचारतात. ‘छाया’ची गोळी रोज घ्यायची का? नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. ‘अंतरा’चं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. दोन्ही सरकारी केंद्रात फुकट मिळतात.

हे सगळं मी सरकारी पोस्टर लावून, पगार घेऊन सांगते. रघुनाथराव कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. देशाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम आला १९५२ मध्ये. या मधल्या काळात जी मोजकी माणसं कर्व्यांच्या बाजूला उभी राहिली, त्यांत शकुंतलाबाई होत्या. त्यांनी ‘समाजस्वास्थ्या’त लिहिलं, बायकांना गाठून माहिती आणि साधनं दिली. केंब्रिजला शिकून, जिनिव्हाला नोकरी करून आलेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, लेकीला एकटीने वाढवणारी बाई पुण्यात हे विषय काढत होती. लोक काय म्हणत असतील याची कल्पना मला माझ्या वीस मिनिटांवरून येते. रविवारच्या भाषणात सगळ्यात जास्त वेळ मी याला देणार. श्रोत्यांना सिनेमाचे किस्से हवे असतील, ते नंतर.

१२.३०

कँटीनला राजमा-चावल. आता सिनेमा. प्रभातचा ‘कुंकू’, १९३७. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेल्या नीरेची बाजू घेणारी, त्या वकिलाचीच समाजसेविका मुलगी शकुंतलाबाईंनी केली. पडद्यावर त्या अभिनय करताहेत असं वाटतच नाही. घरातली शहाणी नणंद किंवा मावशी जशी उभी राहून बापमाणसाला सुनावेल, तशा दिसतात. हा गुण की उणीव, यावर मंडळात वाद होईल. मी गुण म्हणेन.

नवरा युरा स्लेप्टझॉफ रशियन, चित्रकार. मार्च १९३८ मध्ये सई जन्मली. संसार फार टिकला नाही आणि मायलेकी वडिलांच्या घरी राहिल्या. लेकीने आडनाव परांजपेच लावलं.

२.२०

शिफ्ट बदलताना माझ्या दाराशी कायम गर्दी. बी शिफ्टवाल्यांना डोकेदुखीची गोळी हवी, ए शिफ्टवाल्यांना गेट पास. गर्दी ओसरल्यावर एक जण मागे राहिली. ओढणीच्या गाठीत चौघडी केलेलं ‘अंतरा’चं कार्ड. गावाहून सासू राहायला आली आहे, खोली एकच, लपवायला जागा नाही. “दीदी, आपकी अलमारी में रख लो.” इंजेक्शन आमच्याकडे मिळत नाही, पण कपाटात कार्ड ठेवायला कुणी मनाई केलेली नाही. पुढची तारीख माझ्या डायरीत टिपली, तिचं नाव न लिहिता टोकन नंबर लिहिला. कार्ड हातमोज्यांच्या खोक्यात ठेवलं. तिथे अशी आणखीही कार्डं आहेत.

४.००

घरी, सेक्टर १. कूलर लावून लिहायला बसले. प्रवासाचा भाग भराभर झाला. १९४४ ते १९४७ वडील ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर होते, तेव्हा लेकीला घेऊन शकुंतलाबाईही तिकडे गेल्या. त्यावर १९५१ मध्ये इंग्रजीत ‘थ्री इयर्स इन ऑस्ट्रेलिया’ लिहिलं. मराठीत नाटकं, ‘घराचा मालक’सारखी कादंबरी, पुढे ‘काही आंबट काही गोड’. १९५८ ते १९६४ विधान परिषद, मग १९७० पर्यंत राज्यसभेत राष्ट्रपतिनियुक्त. म्हणजे मी जिथे बसून लिहिते आहे तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर त्या सहा वर्षं खासदार होत्या. मानेसर तेव्हा अरवलीच्या पायथ्याचं एक गाव, आसपास बाजरी-मोहरीची शेतं.

लेकही दिल्लीचीच झाली काही काळ. नाट्य विद्यालय, दूरदर्शन, आणि मग ‘स्पर्श’ आणि ‘चश्मेबद्दूर’. त्यातली धुण्याची पावडर विकायला दारोदार फिरणारी दीप्ती नवल बघताना मला हटकून शकुंतलाबाई आठवतात. सईबाईंच्या मनात तसं काही होतं असं मी म्हणत नाही. पण अनोळखी दार वाजवून, न लाजता, हसतमुखाने वस्तू समजावून सांगणारी बाई कुठल्याही घरात रोज दिसत नाही. त्यांच्या घरात ती होती. १९९१ मध्ये आईला पद्मभूषण मिळालं, २००६ मध्ये लेकीला.

८.१५

सेक्रेटरीकाकांना फोन.

“काका, पत्रिकेतलं ते कन्या-मातोश्री काढा ना.”

“अगं, मग लोकांना कळणार कसं कोण त्या?”

“तेच सांगायला मी उभी राहणार आहे.”

“फोटो तरी सईताईंबरोबरचा टाकू?”

“‘कुंकू’तला टाका. आणि रँग्लरसाहेबांवर पुढच्या वर्षी कार्यक्रम ठेवा, तेव्हा छापा, ‘शकुंतलाबाईंचे वडील’.”

काका हसले. म्हणाले, दोन ओळी पाठव, बघतो. मी पाठवल्या : ‘शकुंतला परांजपे (१९०६–२०००). गणित, नाटक, सिनेमा, कादंबरी, प्रवास, संसद आणि संततिनियमन.’

दहा मिनिटांनी उत्तर आलं. बाकी छान आहे, पण शेवटचा शब्द पत्रिकेत हवाच का? लहान मुलं येतात कार्यक्रमाला.

हवाच, मी लिहिलं. तो काढलात तर भाषण तुम्हीच करा.