‘ते बघ’ म्हणणारं बोट

२ एप्रिल हा स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, जागरूकता दिन. ठिकठिकाणी इमारतींवर निळे दिवे लागतात, फोटो निघतात. ऑटिझम आपल्या पहिल्या पानावर आला तो मात्र वॉशिंग्टनहून. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी गरोदरपणातल्या पॅरासिटामॉलवर खापर फोडलं. क्रोसिनची पट्टी नाही असं घर आपल्याकडे शोधून सापडणार नाही, त्यामुळे बातमी थेट माजघरात शिरली. स्वीडनमध्ये सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये आलेला अभ्यास तेवढा कुणी वाचला नाही. सख्ख्या भावंडांची आपसात तुलना केली, तेव्हा गोळीचा आणि ऑटिझमचा संबंध त्यात उरलाच नाही. असो.

कारणांवर आपण तावातावाने बोलतो. खुणांबद्दल बोलायला मात्र कुणाला फारसा उत्साह नसतो, कारण त्या खुणा म्हणजे न घडलेल्या गोष्टी असतात. ताप चढला की कळतो. पोराने अमुक एक गोष्ट केलीच नाही, हे कसं कळणार?

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर उभं राहून बघा. जेएनपीटीच्या कंटेनरांची रांग तिथे कधी तुटत नाही. कडेवरचं दीड वर्षाचं पोर ट्रेलरकडे बोट करतं, काहीतरी हुंकारतं आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे बघतं. ट्रेलर त्याला नको असतो. आपण पाहिलं ते आईनेही पाहिलं का, एवढंच हवं असतं. आता दुसरं पोर घ्या. त्याला बिस्किटाचा डबा हवा असला की ते आईचं मनगट धरतं, तिचा हात नेऊन डब्यावर ठेवतं आणि डब्याकडेच बघत राहतं. काम होतं, पण तोंडाकडे नजर जात नाही. एकदा असं झालं म्हणून घाबरायचं कारण नाही. मागायला आणि दाखवायला बोट कधीच उठत नसेल, तर मात्र विचारायला हवं.

लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन यांनी १९९२ मध्ये नेमकं हेच धरलं. ज्यांच्या थोरल्या भावंडाला ऑटिझम आहे अशी ४१ मुलं त्यांनी दीड वर्षाची असताना तपासली. दाखवण्यासाठी बोट करणं, खोटंखोटं खेळणं अशा मोजक्या गोष्टींत चार मुलं मागे होती. पुढे निदान झालं ते त्याच चौघांचं. हा निकाल वाचून कुणालाही वाटावं, प्रश्न सुटला. तो सुटला नव्हता. हीच तपासणी पुढे सोळा हजार मुलांवर झाली. ती मुलं सात वर्षांची होईपर्यंत त्यांच्यात बाल-ऑटिझमची ५० मुलं निघाली आणि दीड वर्षाच्या तपासणीने त्यांतली १९च पकडली होती. चाळणीतून सुटलं म्हणजे सगळं ठीक, असं म्हणता येत नाही ते यामुळे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ दीड आणि दोन अशा दोन्ही वयांत तपासा म्हणतात तेही यामुळेच.

मला मात्र सगळ्यात भावतो तो १९९४ चा सिॲटलमधला अभ्यास. ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी पालकांकडून पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती चित्रफिती मागवल्या. अकरा मुलं पुढे ऑटिझमचं निदान झालेली, अकरा इतर. चित्रफिती बघणाऱ्यांना कोण कुठलं ते सांगितलेलं नव्हतं. मूल लोकांकडे बघतं का, नाव घेतल्यावर वळतं का, वस्तू दाखवतं का, बोट करतं का, एवढंच मोजलं आणि बावीसपैकी वीस मुलं बरोबर ओळखली गेली. म्हणजे केक कापताना बापाने हौसेने जे टिपलं त्यात सगळं होतं, फक्त त्या दिवशी ते कुणाला दिसलं नव्हतं.

त्यानंतर यंत्रं आली. अमी क्लिन आणि वॉरन जोन्स यांनी २०१३ मध्ये दाखवलं की पुढे ऑटिझमचं निदान झालेल्या बाळांची नजर सुरुवातीला इतरांसारखीच डोळ्यांवर असते आणि वयाच्या दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात ती हळूहळू उतरते. संशोधन सुंदर आहे. त्यातून निघालेल्या नजर टिपणाऱ्या यंत्राने तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून बघता ऑटिझम असलेल्या शंभरातली ७१ मुलं ओळखली. वाईट नाही, पण जाहिरात वाचून वाटतं तेवढं चांगलंही नाही.

घरात मात्र यापेक्षा मोठं यंत्र बसलेलं असतं, ते म्हणजे आजी. ‘याचा बापूस पण उशिराच बोलला होता.’ आणि पुष्कळदा तिचं खरंही असतं. नुसतं उशिरा बोलणारं पोर बोटाने, डोळ्याने, ओढून नेऊन घरभर गोष्टी दाखवत असतं. म्हणून शब्द किती ते मोजण्याआधी बोट बघायला हवं. दुसरं खापर मोबाईलवर, म्हणजे फिरून आईवरच. स्क्रीनने बोलणं मागे पडू शकतं, ते वेगळं. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या अकरा मुलांची वर्णनं छापली तेव्हा घरोघर टीव्हीसुद्धा नव्हता, एवढं तरी स्क्रीनमुळे होतो म्हणत ‘व्हर्च्युअल ऑटिझम’चे बोर्ड लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ओळखून पुढे काय, हा प्रश्न खरा. त्याचं एक उत्तर पळस्प्याहून गोव्याकडे निघणाऱ्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. महामार्ग रखडलाय, उत्तर तयार आहे. गोव्यात ‘संगत’ संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून एक चाचणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑटिझम असलेली ६५ मुलं, वय दोन ते नऊ. काम करणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. आई मुलाशी खेळते, त्याचं चित्रण करायचं आणि तिच्यासोबत बसून ते बघायचं: इथे त्याने तुझ्याकडे पाहिलं, इथे तू थांबलीस, म्हणून त्याने पुढाकार घेतला. पंधरा दिवसांतून एक तास, सहा महिने. आईचा मुलाच्या कलाने दिलेला प्रतिसाद वाढला आणि मुलं आपणहून जास्त संवाद करू लागली. चाचणी लहान आहे, चमत्कार कुणी सांगितलेला नाही. पण निळ्या दिव्यांपेक्षा मला हे जास्त उजेडाचं वाटतं.

आपल्याकडे कागद भक्कम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तोच मुळी पालघरहून. त्याच्या यादीत ऑटिझम आहे, पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायचं आहे. दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल नोव्हेंबर २०२३ मध्ये आला. शंका आली की मूल जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवायचं. पळस्प्याच्या बाईसाठी जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे अलिबाग. बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं प्रादेशिक केंद्र खारघरला, त्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, पण तिथेही पोराला घेऊन आठवड्याला जायचं तर रोजंदारी बुडते. म्हणून गोव्याची रीत इथे उतरवावी असं माझं मत आहे: घरातच, आईच्याच फोनवर. शिकवायची कुणाला? पोषण ट्रॅकर ॲपमध्ये मुलांची वजन-उंची भरणाऱ्या अंगणवाडी सेविकेलाच, असं सगळे पटकन म्हणतील. मग त्या तासाचे वेगळे पैसे तिला द्या, आणि आधीचं मानधन दर महिन्याच्या महिन्याला द्या.